शिवेपर्यंतचा माग

पेशवाई बुडाली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. जिंकलेल्या मुलखाचा कारभार आजवर कसा चालत आला, याचा एक लांबलचक अहवाल त्याने 1819 मध्ये लिहिला. त्यात वसुली आहे, वतने आहेत, पंचायती आहेत. मी मात्र पुन्हा पुन्हा वळतो तो गावच्या राखणीच्या भागाकडे.

गावात चोरी झाली की राखणदार पाऊलखुणा धरून निघे. कुठे तो महार असे, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. ओल्या मातीतला टाचेचा ठसा आणि शेतातली मोडकी धाटे बघत तो गावच्या शिवेपर्यंत जाई. तिथे त्याचे काम संपे, पण माग संपत नसे. शेजारच्या गावचा राखणदार शिवेवर येई, त्याला खुणा दाखवल्या जात आणि माग त्याच्या स्वाधीन होई. मग तो पुढच्या शिवेपर्यंत चाले. ज्या गावाला माग आपल्या हद्दीबाहेर गेल्याचे दाखवता येत नसे, त्या गावाने चोर हजर करायचा, नाहीतर भरपाईला उभे राहायचे. रीत कठोर होती आणि तिच्यात निरपराध गावेही भरडली जात असणार. पण तिच्यात शीव ही काम दुसऱ्याच्या हाती देण्याची जागा होती. ‘चोर आमच्या गावचा नाही’ एवढे म्हणून कुणाला घरी जाऊन निजता येत नव्हते.

आज पोलीस ठाण्याच्या पायरीवर ‘हद्द’ हा शब्द ज्या अर्थाने ऐकू येतो, तो याच्या अगदी उलट आहे. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा.’ हे वाक्य ऐकून परतलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत निघतील. शिवेवरच्या हस्तांतरणाची ही रीत लोपून तिच्या जागी भिंत कशी उभी राहिली, आणि त्या भिंतीला ‘शून्य क्रमांक’ नावाची फट पाडायला किती माणसांचे आयुष्य खर्ची पडले, त्याची ही हकीकत.

कंपनी सरकारला हद्दीचा पहिला मोठा धक्का ठगांनी दिला. ठगांच्या टोळ्या राहत एका संस्थानात, वाटसरू गाठत दुसऱ्यात आणि प्रेत पुरत तिसऱ्यात. मेलेल्या माणसाचे घर तर शेकडो मैलांवर, कुठल्या तरी चौथ्याच मुलखात असे, आणि तिथली माणसे वाट बघत राहत. फिर्याद द्यायची कुणी आणि कुणाकडे? खून झाला हेच घरच्यांना ठाऊक नसे, आणि जिथे झाला तिथल्या कोतवालाला मेलेला कोण हे ठाऊक नसे. जबलपूरला बसून कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन माफीच्या साक्षीदारांकडून जबाब घेऊ लागला, तेव्हा एकेका टोळीचा पट अनेक राज्यांवर पसरलेला दिसू लागला. म्हणून 1836 चा तिसावा कायदा झाला. ठगांच्या टोळीत सामील असणे हाच गुन्हा ठरला, मग तो कंपनीच्या मुलखात असो की बाहेर. आरोपी ज्या जिल्ह्यात कोर्टापुढे उभा राहील, त्या जिल्ह्यातच जणू गुन्हा घडला असे धरून खटला चालवण्याची मुभा मिळाली. त्या मोहिमेत सत्य किती आणि साहेबांनी रंगवलेले किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहेत. शिवाय ज्याच्या आधारे नुसत्या साक्षीवरून जन्मठेप होऊ शके, अशा कायद्याबद्दल मला धाक वाटतो. पण हद्द ही कायद्याने आखलेली रेघ आहे आणि कायद्याला ती पुसता येते, हे कलकत्त्याच्या सरकारला तेव्हाच कळले होते. त्यांनी ती पुसली ती मात्र आपल्या सोयीने. फिर्यादीला ती तशीच राहिली.

पुढे 1857 चा उठाव झाला. 1861 मध्ये पोलीस कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहिता एकाच वर्षी आल्या. मुंबई इलाख्याने त्याच्या आधीच, 1853 पासून, नेपियरने सिंधमध्ये उभ्या केलेल्या फौजेसारख्या पोलिसांचा नमुना उचलला होता. 1867 च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटलाकडे काही अधिकार ठेवले, पण खरी सत्ता फौजदाराच्या ठाण्यात गेली. ठाण्याला नकाशा मिळाला आणि नकाशाबरोबर गुन्ह्यांचा हिशेब आला. गुन्हा लिहिला की तपास गळ्यात पडतो, आणि तपास लागला नाही तर वरिष्ठांपुढे उत्तर द्यावे लागते. राखणदाराला माग सोडला तर भरपाई होती. ठाणे अंमलदाराला मात्र माग हातात घेण्याचीच भीती वाटू लागली.

यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की, कायद्याने त्याला तसे कधी सांगितलेच नव्हते. 1898 ची संहिता घ्या किंवा 1973 ची. कलम 154 म्हणत होते की, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याच्या प्रमुखाला मिळाली की ती लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, सही घ्यावी. ‘त्या ठाण्याच्या हद्दीत घडलेला’ असे शब्द त्यात नव्हते. त्याच्या लगेच खालचे कलम 155 अदखलपात्र गुन्ह्यांचे, म्हणजे आपण ज्याला एनसी म्हणतो त्याचे होते, आणि तिथे हद्दीचे शब्द होते. लिहिणाऱ्याने एका कलमात हद्द घातली आणि दुसऱ्यात घातली नाही. मारामारीतली शिवीगाळ हद्दीत मोजायची, खून-बलात्कार-दरोडा मात्र कुठेही ऐकून घ्यायचा, असा याचा सरळ अर्थ. कलम 156 तपासासाठी हद्द सांगत होते, पण लगेच पुढे हेही म्हणत होते की, अधिकाऱ्याला त्या तपासाचा अधिकार नव्हता एवढ्या कारणावरून त्याच्या कामावर कोणत्याही टप्प्यावर आक्षेप घेता येणार नाही. म्हणजे चुकून परक्या हद्दीतला गुन्हा तपासला तरी संरक्षण होते. दार कायद्याने उघडे ठेवले होते. ते लावून घेतले ते रिवाजाने.

रेल्वेने मात्र हा रिवाज लवकर मोडला, कारण तिथे दुसरा इलाजच नव्हता. पुण्याला गाडीत बसलेला माणूस झोपतो, दौंड जाते, कुर्डुवाडी जाते, सोलापूरला जाग येते तेव्हा उशाखालची पिशवी नाहीशी झालेली असते. चोरी कुठे झाली हे त्याने कसे सांगावे? प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला त्या प्रवासाच्या वाटेवरच्या कोणत्याही कोर्टात चालू शकतो, अशी तरतूद जुन्या संहितेतही होती. लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यांत म्हणूनच शून्य क्रमांकाची सवय रुजली. प्रवासी जिथे उतरेल तिथे फिर्याद घ्यायची आणि कागद संबंधित ठाण्याकडे पाठवायचे. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ते ठरलेले वाक्य पाठ असते: ‘गुन्हा शून्य क्रमांकाने दाखल करून तो पुढील तपासासाठी वर्ग करण्यात आला आहे.’

शून्य का, ते सांगायला हवे. प्रत्येक ठाण्यात दर वर्षी 1 जानेवारीपासून गुन्हा रजिस्टरचे आकडे नव्याने सुरू होतात. गु. र. नं. 1, मग 2, मग 3. जो गुन्हा या ठाण्याचा नाही त्याला या ठाण्याचा आकडा देता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे 00 लिहायचे. ज्या ठाण्याचा तो आहे तिथे कागद पोचले की तिथला खरा आकडा त्याला मिळतो. सरकारी दवाखान्यांच्या चौक्यांतही हेच चालते. दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेला जखमी उपचार चालू असताना दगावला, की आकस्मिक मृत्यूची नोंद शून्याने होते आणि जिथे घटना घडली तिथे जाते. म्हणजे हे हत्यार कारकुनाच्या टेबलावर कधीपासूनचे होते. ते उचलायचे की नाही, हे अंमलदाराच्या मर्जीवर सोडलेले होते.

सर्वोच्च न्यायालयाने या मर्जीला 1993 मध्ये हात घातला. आंध्र प्रदेशातल्या एका खुनाच्या प्रकरणात मृताचा नातलग खबर द्यायला ठाण्यात गेला, आणि आपल्या ठाण्याची ही हद्द नाही म्हणून शिपायाने ती लिहून घ्यायला नकार दिला. हद्दीचा अधिकार नाही म्हणून खबर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायला काहीच अडचण नव्हती, ही कर्तव्यात कसूर आहे, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. पुढे 1999 मध्ये पतियाळाला सासर असलेल्या एका विवाहितेने दिल्लीत दिलेली फिर्याद हद्दीच्या कारणावरून उच्च न्यायालयाने रद्द केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभी केली. दोन्ही निकाल कायद्याच्या पुस्तकांत छापले गेले. ठाण्यांच्या पायऱ्यांपर्यंत ते पोचायला आणखी बरीच वर्षे लागली.

16 डिसेंबर 2012 च्या रात्री दिल्लीत महिपालपूरजवळ रस्त्याच्या कडेला, बसमधल्या सामूहिक अत्याचारानंतर फेकून दिलेले दोन जखमी जीव थंडीत पडले होते. त्यातला वाचलेला तरुण पुढे जाहीरपणे म्हणाला की, पोलिसांच्या गाड्या आल्या आणि हे प्रकरण कोणत्या ठाण्याचे, यावर त्यांच्यात वाद चालला. दिल्ली पोलिसांनी हे नाकारले. खरे काय ते त्या रात्रीलाच ठाऊक, पण देशाने त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण प्रत्येकाला त्या वादाची भाषा ओळखीची होती. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने ऐंशी हजारांच्या आसपास सूचना वाचून 29 दिवसांत अहवाल दिला. त्यातून आलेल्या 2013 च्या दुरुस्तीने भारतीय दंड विधानात कलम 166अ घातले. बलात्कार, आम्लहल्ला अशा गुन्ह्यांची खबर लिहून न घेणाऱ्या सरकारी नोकराला किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी. हद्दीचा विचार न करता गुन्हा नोंदवा, असे पत्र केंद्रीय गृह खात्याने मे 2013 मध्ये राज्यांना पाठवले. नोव्हेंबरात न्यायमूर्ती सदाशिवम यांच्या पाच जणांच्या पीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचा निकाल दिला.

या सगळ्याच्या मध्ये, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, दिल्लीत शून्य क्रमांकाने काय साधता येते ते दिसले. जोधपूरजवळच्या मणाई गावातल्या आश्रमात एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला होता. आरोप आसाराम बापूवर होता. त्याचे वजन राजकारण्यांपासून साध्या संसारी माणसांपर्यंत सगळीकडे होते, आणि मुलीचे आईवडील स्वतःच त्याचे भक्त होते. राजस्थान त्यांच्या ओळखीचे नव्हते. आसाराम दिल्लीत रामलीला मैदानावर आहे असे कळल्यावर जाब विचारायला ते दिल्लीला गेले आणि तिथे दाद लागेना, तेव्हा मैदानाच्या जवळच्याच कमला मार्केट ठाण्यात शिरले. रात्रीची वेळ. समोर उत्तर प्रदेशातले एक घाबरलेले कुटुंब, गुन्हा राजस्थानातला, आरोपी देशभर भक्त असलेला. ‘जोधपूरला जा’ म्हणून त्यांना वाटेला लावणे किती सोपे होते! त्या रात्रीच्या अंमलदारांनी फिर्याद लिहून घेतली. मुलीची वैद्यकीय तपासणी दिल्लीतच झाली, आणि कागद जोधपूरला गेले. आठवडा-दीड आठवड्यात आसाराम इंदूरहून अटकेत आला. मधल्या वर्षांत साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला, तरी मुलगी डगमगली नाही. 25 एप्रिल 2018 रोजी जोधपूरच्या तुरुंगातच भरलेल्या न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. या खटल्याची पहिली वीट दोन शून्यांची होती. ती रात्र हुकली असती, तर त्या आईवडिलांनी जोधपूरची गाडी धरली असती का, असे मला नेहमी वाटते.

आणि रात्र हुकली की काय होते, तेही सहाच वर्षांत दिसले. 27 नोव्हेंबर 2019, हैदराबादजवळ शमशाबादचा टोलनाका. एका तरुण पशुवैद्य मुलीने धाकट्या बहिणीला फोन करून सांगितले की स्कूटरचे चाक पंक्चर आहे आणि आसपासच्या माणसांची भीती वाटते. नंतर फोन बंद झाला. घरचे लोक ठाण्यात धावले, तर एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात, हद्द कुणाची यावर वेळ गेला. सकाळी शादनगरजवळच्या पुलाखाली तिचे जळालेले शरीर मिळाले. दिरंगाईसाठी तीन पोलीस निलंबित झाले. 6 डिसेंबरला पहाटे चारही संशयित त्याच पुलाजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. याच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद माजी न्यायमूर्ती विकास शिरपूरकर यांच्याकडे होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीश रेखा सोंडूर-बलदोटा त्यात सदस्य होत्या. त्या गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष आयोगाने काढला. ज्यांना त्या रात्री एक कागद लिहिताना हद्द आडवी आली, त्याच आयुक्तालयाला नऊ दिवसांनी कोणतीच हद्द उरली नाही. मला या प्रकरणातले हे सर्वांत भयंकर वाटते.

पुढच्या वर्षी अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मुंबईतल्या मृत्यूनंतर पाटण्यात गुन्हा नोंदला गेला. पाटण्याच्या पोलिसांनी तो शून्य क्रमांकाने घेऊन मुंबईकडे वर्ग करायला हवा होता, असे महाराष्ट्राच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. त्या गदारोळाने शून्य क्रमांक घरोघरी पोचला, पण दोन सरकारांच्या भांडणातला मुद्दा म्हणून.

तो खरा कशासाठी आहे, हे मणिपूरने दाखवले. 3 मे 2023 रोजी तिथे मैतेई आणि कुकी समाजांत आग भडकली. दुसऱ्या दिवशी, 4 मेला, कांगपोकपी जिल्ह्यातल्या एका कुकी खेड्यावर जमाव चालून आला. घरे पेटली, लोक जंगलात पळाले. फिर्यादीनुसार नोंगपोक सेकमाई ठाण्याच्या पोलिसांनी काहींना सोडवून बरोबर घेतले होते, पण ठाणे जेमतेम दोन किलोमीटरवर असताना जमावाने ती माणसे त्यांच्याकडून हिसकावली. दोन पुरुष मारले गेले. बायकांना विवस्त्र करून शेतातून नेले, आणि एकीवर सामूहिक अत्याचार झाला. आरोपपत्रात पुढे आले की, बायका पोलिसांच्या जिप्सीत जाऊन बसल्या होत्या, गाडी काढा म्हणून विनवत होत्या, आणि चालकाने किल्ली नसल्याचे सांगितले.

आता यांनी फिर्याद कुठे द्यायची? गुन्हा ज्या ठाण्याच्या हद्दीतला, ते नोंगपोक सेकमाई थौबल जिल्ह्यात, मैतेईबहुल खोऱ्याच्या बाजूला. कुकी माणसाने तेव्हा खोऱ्यात उतरणे म्हणजे मरणाकडे चालत जाणे. डोंगर आणि खोरे यांच्यामध्ये शीव पडली होती आणि तिच्यावर दोन्हीकडून बंदुका होत्या. 18 मेला, घटनेनंतर चौदा दिवसांनी, गावच्या प्रमुखाची फिर्याद डोंगरातल्या सैकुल ठाण्याने शून्य क्रमांकाने लिहून घेतली. खून, बलात्कार, अपहरण, सगळी कलमे लागली. शून्य क्रमांक नसता तर त्या दिवशी सरकारच्या एकाही वहीत या गुन्ह्याची ओळ उमटली नसती.

पण सैकुलहून नोंगपोक सेकमाईला तो कागद 21 जूनला दाखल झाला. चौतीस दिवस. आणि तिथे पोचल्यावरही काही हलले नाही. 19 जुलैला त्या अत्याचाराची चित्रफीत देशभर फिरली, 20 जुलैला पहिली अटक झाली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्याच दिवशी स्वतःहून दखल घेतली. मणिपुरात तोवर साडेसहा हजारांवर गुन्हे नोंदले गेले होते. त्यातले शून्य क्रमांकाचे किती, वर्ग झालेले किती, अटक किती, असे न्यायालय सरकारी वकिलांना विचारत राहिले. तपास मंद आणि सुस्त असल्याचे ताशेरे आले. 7 ऑगस्टला तीन माजी न्यायाधीशांची समिती नेमली गेली. अध्यक्ष गीता मित्तल, सोबत आशा मेनन आणि मुंबई उच्च न्यायालयात काम केलेल्या शालिनी फणसळकर-जोशी. तपासावर देखरेखीला महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना बोलावले. पुढे न्यायालयाने आणखी एक हद्द ओलांडायला लावली. खटल्याचे प्राथमिक कामकाज शेजारच्या आसामात, गुवाहाटीला नेले, आणि पीडितांना मणिपुरातूनच दृक्‌श्राव्य माध्यमाने हजर राहण्याची सोय दिली. ऑक्टोबर 2023 मध्ये आरोपपत्र तिथेच दाखल झाले.

त्याआधी, ऑगस्ट 2023 मध्येच, लोकसभेत नव्या संहितेचे विधेयक मांडले गेले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, आणि तिच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असो, खबर देता येईल, असे शब्द आहेत. जुन्या कलम 154 ने गप्प राहून जे मान्य केले होते, ते आता उच्चारून सांगितले आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. यापुढे ठाण्याच्या पायरीवरून परत पाठवल्या जाणाऱ्या बाईला कलमाचा आकडा सांगता येईल.

त्या कलमात, लिहून घेतलेली खबर योग्य ठाण्याच्या हाती किती दिवसांत पोचली पाहिजे, ते मात्र लिहिलेले नाही. ते खात्याच्या कार्यपद्धतीवर आणि त्या दिवशी टेबलापाशी बसलेल्या माणसावर सोडलेले आहे. एल्फिन्स्टनच्या अहवालातला राखणदार शिवेवर माग टाकून परत फिरत नसे. पलीकडचा माणूस येऊन खुणा बघून घेईपर्यंत त्याला तिथेच थांबावे लागे.